सृष्टीची शोभा पाहणे हा वेळेचा अपव्यय होय काय?

शेतांतील भात कापून झाले, खळ्यावरील झोडणी आटोपली, आणि कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला, म्हणजे आमच्या कोकणपट्टीवर थंडीची पहिली झुळूक येते. त्या दिवसांत घडीभर बांधावर किंवा समुद्रकाठी उभे राहून सृष्टीची शोभा पाहावी असे कोणास वाटत नाही? तथापि ह्याविषयी दोन मते आमच्या कानी येतात. मंडळीतील कित्येक कष्टाळू बंधू म्हणतात की, शोभा पाहणे हा रिकाम्या व श्रीमंत लोकांचा छंद आहे. विश्वासणाऱ्याने तो वेळ कामात अथवा प्रार्थनेत घालवावा. उलटपक्षी, मुंबईहून मांडव्यास बोटीने येणारे काही शिकलेले लोक म्हणतात की, हा किनारा हेच आमचे मंदिर. आम्हांस उपासनेची गरज काय? ह्या दोन्ही मतांची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

उदाहरणार्थ, अलिबागच्या उत्तरेस असलेले थळ हे गाव घ्या. रात्री जमीन पाण्याहून लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यास मतलई वारा म्हणतात. दुपारी जमीन तापली की तो फिरतो व खारा वारा सुटतो. सकाळी भाताच्या खुंटांवर दव चमकत असते. अलिबाग तालुक्यातील रिकाम्या झालेल्या कित्येक शेतांत पांढऱ्या कांद्याची लागवड सुरू होते. ह्याच कांद्यास २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तरेच्या थंड मुलुखांतून आलेले कुरव पक्षी ओल्या वाळूवर उतरतात. कोळीवाड्याकडे बोंबील वाळत असतात, आणि समोर पाण्यात खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे स्पष्ट दिसतात. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडाला की थोड्याच वेळाने पूर्वेस मृग नक्षत्र वर येते. हे सर्व पाहण्यास एक पैसाही लागत नाही.

आता पहिल्या मताकडे वळू. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने प्रकाश, भूमी, समुद्र व वनस्पती पाहून त्या चांगल्या आहेत असे ठरविले. त्या वेळी मनुष्य अजून निर्माण झाला नव्हता. म्हणजे कोणाच्या उपयोगी पडण्यापूर्वीच त्या वस्तू देवाच्या दृष्टीने चांगल्या होत्या. स्तोत्रसंहितेच्या एकशे चाराव्या स्तोत्रात तर समुद्रातील प्रचंड प्राणी खेळण्यासाठी निर्माण केला असे म्हटले आहे. आणि प्रभू येशूने रानातील फुलांकडे लक्ष द्यावयास सांगितले, ते कोणास? उद्या काय खावे व काय पांघरावे ह्या चिंतेने ग्रासलेल्या गरिबांस. तेव्हा शोभा पाहणे ही श्रीमंतांची मिरास नव्हे. ज्याच्या घरी उद्याची भाकर निश्चित नाही, त्यासच प्रभूने प्रथम डोळे वर करावयास लाविले. त्याची आज्ञा पाळणे हा वेळेचा अपव्यय कसा म्हणावा?

दुसऱ्या मतातही थोडे सत्य आहे. कारण आकाश देवाचा महिमा सांगते, हे शास्त्रही म्हणते. परंतु सृष्टी सर्वच सांगत नाही. खांदेरीकडेच पाहा. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तेथे किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रज व सिद्दी आरमारे घेऊन विरोधास आले. पुढे १६८० च्या आरंभी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे दिले. तो हिवाळाही मनोहरच असेल, पण त्याच्या शोभेने एकाही तोफेचे तोंड बंद केले नाही. इटालीतील कवी पेत्रार्क १३३६ साली व्हाँतू नावाचा पर्वत चढला, आणि शिखरावर त्याने संत ऑगस्टीनचा ग्रंथ उघडला. मनुष्ये पर्वत व समुद्र पाहून थक्क होतात, परंतु स्वतःच्या आत्म्याकडे पाहत नाहीत, हा त्यातील बोध वाचून तो लज्जित झाला. सृष्टी देवाचे सामर्थ्य दाखविते. पण तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, असे कोणतीही लाट सांगत नाही. ते वधस्तंभापाशीच ऐकावे लागते. म्हणून किनारा उपासनेची जागा घेऊ शकत नाही. तो फार तर तिचे अंगण होय.

परंतु आमच्या मते ह्याहून कठीण असा एक तिसरा प्रश्न आहे. शाल पांघरलेल्यास जी थंडी गोड लागते, तीच उघड्यावर निजणाऱ्यास चावते. पावसाळा संपताच आमच्या जिल्ह्यातील कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात. तान्ही मुलेही बरोबर असतात. पहाटे ओली मासळी हाताळणाऱ्या कोळणीची बोटे गारठतात. त्यांच्या देखत आपण थंडीची स्तुती करावी काय? आम्ही म्हणतो, आनंद करणे पाप नव्हे. पण एकट्याने केलेला आनंद अपुरा आहे, आणि दुसऱ्याच्या कुडकुडण्याकडे पाठ फिरवून केलेला आनंद निष्ठुर आहे. उघड्यास वस्त्र न देता नुसते ऊब घे म्हणणाऱ्याच्या विश्वासास याकोब मेलेला म्हणतो. तसेच अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाचा विसावा धन्याबरोबर दास व दासी ह्यांसही नेमून दिला आहे. ज्यास विसावा नाही, त्यास दव दिसेल, पण त्याची शोभा पाहावयास सवड मिळणार नाही. म्हणून मजुरास विसावा न देणारा धनी त्याची केवळ झोपच नव्हे, तर देवाने त्याच्यासाठी मांडलेले दृश्यही हिरावून घेतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांस महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. फुलांबरोबर मुले आहेत, हे आपण विसरू नये. फुलावर प्रेम करणाऱ्याचे मन मुलाविषयी कठोर राहिले, तर त्याचे डोळे उघडले पण अंतःकरण मिटलेलेच राहिले, असे समजावे.

तरी प्रिय वाचकहो, नाताळ जवळ येत आहे. ह्या दिवसांत आम्ही तीन गोष्टी सुचवितो. एक, रविवारची उपासना झाल्यावर मुलांस घेऊन शेतावर, टेकडीवर किंवा समुद्रकाठी जा, आणि तेथे ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायातील कृत्तिका व मृग त्यांस रात्री आकाशात दाखवा. दोन, जेथे बसाल तेथे कचरा टाकू नका. एदेन बाग मनुष्यास मशागतीसाठी दिली तशीच राखण्यासाठीही दिली होती. तीन, थंडी गोड वाटली त्याच दिवशी आपल्या पेटीतील एखादी घोंगडी अथवा चादर काढा, आणि ज्यास ती गोड वाटत नाही त्याच्या दारी नेऊन द्या. मग उभयतांनी मिळून सकाळचे कोवळे ऊन घ्यावे, आणि ज्याने ते दिले त्या देवबापाचे आभार मानावेत.