चौदाव्या दिवशीचे घोडे

महाभारतातल्या द्रोणपर्वात एक प्रसंग आहे, जो कीर्तनात फारसा ऐकू येत नाही. युद्धाचा चौदावा दिवस. अभिमन्यू आदल्या दिवशी मारला गेलेला. सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत शिरेन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. घटकाघटका मोलाची, आणि नेमके त्याच दिवशी रथाचे घोडे बाणांनी घायाळ होऊन थकतात. कृष्ण भर रणात रथ थांबवतो. अर्जुन खाली उतरतो, शत्रूला पायी थोपवून धरतो, बाणाने जमीन फोडून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभारतो. त्या आडोशाला कृष्ण घोडे सोडतो, स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातले बाण उपसतो, अंग चोळतो, त्यांना लोळवतो, पाणी पाजतो आणि ते ताजेतवाने झाल्यावर पुन्हा जुंपतो.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत कृष्णाच्या घोडेसेवेचा उल्लेख मोठ्या प्रेमाने येतो. मी शाळेत संस्कृत शिकवत असताना तो वाचून पुढे गेले होते. आता निवृत्त होऊन दोंडाईच्यात असते, आणि पुतण्याच्या घोडीच्या मागच्या पायाशी बसल्यावर त्या ओळी मला वेगळ्या दिसू लागल्या आहेत.

घोडीचं नाव चांदणी. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेली. लग्नसराईत नवरदेव मिरवते, एरवी कडबा खाते. आषाढात कशाला तरी बुजली आणि बांधावरच्या काटेरी तारेत तिचा पाय अडकला. तिने ओढून काढला तेव्हा नळीवरची कातडी सोललेल्या केळीसारखी लोंबत होती, आत पांढरं हाड दिसत होतं.

डॉक्टरांनी आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो. मग केस भादरले, सलाइनच्या धारेने माती धुतली, मेलेली कातडी कापली, जमेल तेवढे टाके घातले. म्हणाले, “मॅडम, इथे मांस नाहीच. कातडी, शिरा आणि हाड. रक्त कमी पोचतं. सावकाश भरेल.” दुसऱ्या पायालाही पट्टी बांधली, कारण सगळा भार आता त्याच्यावर. चंदी कमी केली; ठाणावर उभ्या घोड्याला दाणा जास्त झाला तर पोटशूळ होतो, खूरही बिघडतात. गावात ज्याच्या-त्याच्याकडे औषध होतं: मोरचूद, चुना, जळकं ऑइल. ते सगळं पुतण्याने दारातच थांबवलं, याबद्दल मी त्याला मानते.

आणि इथे गीता अडली. फळाची आशा न धरता कर्म करावं, हे मी पोरांकडून घोकून घेतलेलं. पट्टी सोडली की पहिली नजर जाते ती फळावरच. कडा गुलाबी होऊन आत सरकल्या का? वास येतोय का? पाय टेकते का? ही नजर नसेल तर ती शुश्रूषा कसली, नुसता उपचार उरकणं झालं. जखम बरी व्हावी ही आशा सोडून जखमेची पट्टी बदलता येत नाही. जो बदलतो म्हणतो, त्याने कधी बदललेली नसावी.

मग सोडायचं काय? हे मला चांदणीनेच दाखवलं. मला पाहिलं की ती कान मागे पाडते. तिच्या हिशेबी दुखणं घेऊन येणारी बाई ती मी. पुतण्याची धाकटी मुलगी नुसता मूठभर लसूणघास घेऊन येते, तिच्या खांद्यावर ही मान टाकते. पहिल्यांदा मला चक्क राग आला. सेवा मी करायची आणि माया तिला! ज्या फळावरचा हक्क सोडायचा ते फळ हे असावं. पाय बरा होणं नव्हे. मी बरा केला हे कोणीतरी, निदान घोडीने तरी, ओळखणं.

जखमेत आणखी एक गोष्ट पाहिली. घोड्याच्या पायाची जखम भरताना लाल, दाणेदार मांस उत्साहाने वर येतं, इतकं की कातडीच्या पातळीच्या वर जातं, आणि कातडीला मग पुढे सरकता येत नाही. डॉक्टर ते ब्लेडने छाटतात. रक्त भळाभळा येतं, पण त्या मांसाला संवेदना नसते, घोडीला कळतही नाही. भरून काढायचा हा हावरटपणाच जखम उघडी ठेवतो.

शेजारचे आबा रोज येतात, वारकरी आहेत. म्हणाले, “बाई, मागच्या जन्मीचे भोग असतात. जनावर भोगयोनी. त्याचं त्याने फेडायचं.” शास्त्र तसं म्हणतं खरं. पण मग त्या चौदाव्या दिवशी भोगाचा हिशेब कृष्णाला ठाऊक नव्हता का? त्याने तर कर्जफेडीत सरळ हात घातला. आबांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, “त्याला घोडे जुंपायचे होते.”

हेही खरंच. ती सेवा निर्हेतुक होती असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण शल्यपर्वात पुढचं आहे. युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनाला आधी उतरायला सांगतो, मग स्वतः उतरतो, आणि द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी आधीच जळलेला तो रथ घोड्यांसकट राख होऊन कोसळतो. ज्यांच्या अंगातले बाण त्याने वेचले तेच घोडे. त्याला शेवट ठाऊक होता असं मानलं, तर त्या दुपारच्या पाण्याला चार दिवसांचंच आयुष्य होतं. तरी त्याने बाण अर्धे उपटून सोडले नाहीत. यावर आबा काही बोलले नाहीत. पुतण्या म्हणाला, “काकू, तेव्हा त्यांना तहान लागली होती ना?”

आता जखम मिटली आहे. जाड, बिनकेसांचा वण राहिला, आणि पाय किंचित आखडतो. बँडच्या तालावर ती नाचणार नाही. दत्तजयंती जवळ आली. पुतण्या विकायचं म्हणतो. बाजारात गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं तसे पायही बघतं, भाव पडेल, पण कडब्याचा खर्च तर वाचेल. त्याचं चुकत नाही, त्याला घर चालवायचं आहे. शेवटी ठरलं ते असं: कडबा त्याचा, चंदी माझ्या पेन्शनमधून, घोडी दारात. आबांच्या मते हा सौदा काही निष्काम नव्हे. माझ्याही मते नाही.