पगार सांगू नकोस, तारखा सांग

ऐंशी हजार पगार असूनही बँकवाले क्रेडिट कार्ड देत नाहीत, माजलेत सगळे, हे रडगाणं माझ्यापुढे गाऊ नकोस. तुझा सिबिल रिपोर्ट मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. तू वाचलास? नाहीच वाचलास. 648 हा आकडा दिसला, तोंड वाकडं केलंस आणि मोबाईल खिशात टाकलास. ताळेबंदाची नुसती बेरीज बघून पान उलटणारा विद्यार्थी माझ्या पुस्तपालनाच्या तासाला कधी पास झालेला नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात घाल. त्या स्कोअरमध्ये तुझा पगार कुठेही नाही. बचत खात्यात किती शिल्लक आहे, हिंजवडीत तुझा हुद्दा काय, गावाकडे बागायत किती एकर, यातलं काहीही त्यात धरत नाहीत. पगार बँक वेगळा तपासते. 300 ते 900 मधला हा आकडा तुझ्या उधारीच्या वागणुकीवरून निघतो: घेतलेले पैसे ठरल्या तारखेला परत करतोस का आणि उधारीवर किती जगतोस. म्हणून मला पगार सांगू नकोस, तारखा सांग.

काढ ते चौकोनांचं पान. प्रत्येक कर्जाखाली मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतची नोंद असते. 000 म्हणजे वेळेवर. तुझ्या फोनच्या हप्त्याखाली ओळीनं 000 आहेत आणि मग अचानक 028, 059. म्हणजे अठ्ठावीस दिवस उशीर, पुढे एकोणसाठ. हे कसं झालं ते मीच सांगतो. नोकरी बदललीस, पगार नव्या बँकेत जायला लागला आणि हप्ता कापायची परवानगी राहिली जुन्या खात्यावर. ते खातं रिकामं. हप्ता दोनदा बाऊन्स झाला. मेसेज आले असतील, पण क्रिकेटचा स्कोअर बघण्यातून सवड मिळाली तर ना! वर म्हणतोस, "विसरलो, सर." विसरलास की बुडवलंस, हे त्या नोंदीला कळत नाही. तिला फक्त दिवस मोजता येतात.

खालची ओळ तर आणखी लाजिरवाणी आहे. 640 रुपये. जेवण मागवलंस, 'पे लेटर'चं बटण दाबलंस आणि ॲपच काढून टाकलंस. ॲप पुसलं म्हणून देणं पुसलं जात नाही, चिरंजीव. ते छोटं का असेना, पण कर्जच आहे आणि नव्वद दिवसांच्या वर थकलंय. नव्वद दिवस उलटले की बँका कर्जाला अनुत्पादक म्हणतात. "एवढ्याशा पैशांसाठी?" असं विचारतोस. एवढेसे पैसे ज्याला वेळेवर देता आले नाहीत, त्याला लाखाची मर्यादा कोण देईल? तू दिली असतीस?

आणि मित्राच्या बुलेटच्या कर्जाला जामीन कोण राहिलं? "मी फक्त सही केली." फक्त सही! जामीनदाराची सही म्हणजे त्यानं नाही भरलं तर मी भरीन, असं लिहून देणं. तो हप्ते चुकवतोय आणि ते कर्ज तुझ्या रिपोर्टमध्ये बसलंय. मैत्री जरूर कर, पण कागद वाचून कर.

हे कमी पडलं म्हणून एका नकारानंतर रागाच्या भरात त्याच आठवड्यात आणखी तीन बँकांत अर्ज ठोकलेस. प्रत्येक अर्जाबरोबर त्या त्या बँकेनं तुझा रिपोर्ट मागवला आणि प्रत्येक चौकशी त्यात चिकटली. चौथ्या बँकेला काय दिसलं? हा माणूस दारोदार उधार मागत फिरतोय. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिलास तर मात्र स्कोअर एका गुणानंही घटत नाही. आपल्याकडे असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 2017 पासून प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. फुकट मिळूनही पाहिला नाहीस. अर्ज मात्र चार केलेस.

बँकेला शिव्या घातल्यास, पण कारण विचारलंस का? कार्डाचा अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. स्कोअर 750 च्या पुढे असला की बरं, असं बाजारात म्हणतात. पण इतका स्कोअर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेनं घालून दिलेला नाही. प्रत्येक बँकेची चाळणी वेगळी. सिबिल नोंदी ठेवते, नकार बँक देते. मग भांडण कोणाशी हेही तुला ठाऊक नाही.

एक चूक मात्र तुझी नाही. दोन वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज अजून चालू दाखवलंय. पण ती दुरुस्त करून घेणं तुझंच काम. रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदव, पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायची तरतूद आहे. "पाच हजार द्या, सिबिल क्लीन करून देतो" म्हणणाऱ्या भामट्याच्या नादी लागलास तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. खरी नोंद कोणाला पुसता येत नाही आणि खोटी नोंद फुकट दुरुस्त होते. तो पाच हजार कशाचे घेतो, याचा विचार कर.

आता लिहून घे. 640 आणि त्यावरचा दंड आज भर. वसुलीवाला "निम्म्यात मिटवू" म्हणाला तर भुलू नकोस. त्यानं रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो, म्हणजे पुरतं फेडलं नाही याची आठवण. पूर्ण भर आणि 'नो ड्यूज' पत्र घे. हप्ता पगाराच्या खात्याला जोड. मित्राला घेऊन त्याच्या बँकेत जा आणि थकलेलं भरून घे. सहा महिने एकही नवा अर्ज नाही. 2025 पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे सुधारणा दिसायला लागेल; पण उशिराचे ते चौकोन लगेच जाणार नाहीत. सोसावं लागेल. तरीही घाई असेल तर मुदत ठेव तारण ठेवून कार्ड मिळतं. कधीच कर्ज न घेतल्यामुळे ज्यांचा स्कोअरच नसतो, त्यांनाही तीच वाट बरी.

आणि कार्ड मिळेल त्या दिवसासाठी हे शेवटचं गणित. बिल 50,000 आलं आणि तू किमान रक्कम, समज पाच टक्के, म्हणजे 2,500 भरलीस. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 1,750. त्यावर 18 टक्के जीएसटी 315. तुझ्या अडीच हजारांतून मुद्दल फिटलं अवघं 435. शिवाय पूर्ण बिल भरेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. 'किमान' भरल्यानं उशिराची नोंद टळेल, पण तू बुडशील. दर महिन्याला पूर्ण बिल भरायची धमक असेल तरच पुढचा अर्ज कर. नसेल तर चार बँकांनी नकार दिला, त्यांचे आभार मान.