'क'ची ओळ कोरी

गेल्या दिवाळीत माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी एका अंकात लेख लिहिला. 20 जुलै 2021 रोजी राज्यसभेत सरकार धादांत खोटं बोललं, असा त्याचा मथितार्थ. लेख गाजला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, मलाच चौघांनी पाठवला. मी त्यांना फोन करून म्हटलं, "सर, उत्तर खोटं नव्हतं. खरं होतं, म्हणून तर भीती वाटते." पुढचं त्यांनी ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून कट्ट्यावर मी 'सरकारी वकील'. वकीलपत्र नेमकं कुणाचं घेतलं होतं, ते आता लिहूनच सांगतो.

प्रश्न के. सी. वेणुगोपाल यांचा होता: कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी मोठ्या संख्येने रुग्ण दगावले, हे खरं का? लेखी उत्तर आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचं. आरोग्य हा राज्यांचा विषय, मृत्यूंची माहिती राज्यं कळवतात, आणि ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचं एकाही राज्याने वेगळं कळवलेलं नाही. पवारबाई तेव्हा दिंडोरीच्या खासदार. त्याच नाशिक जिल्ह्यात तीन महिन्यांपूर्वी, 21 एप्रिलला, डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि किमान 22 रुग्ण गेले. पण ती पडली गळती, तुटवडा नव्हे! राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे विरोधी आघाडीतले. तेही म्हणाले, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. इतकं एकमत आपल्याकडे एरवी आमदारांच्या पगारवाढीलाच होतं.

आता हे सगळे मिळून खोटं बोलत होते, असं मानणं सोपं आहे. पण खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असावं लागतं. इथे खरं लिहायला कागदावर जागाच नव्हती. तो कागद मी अगदी जवळून पाहिला आहे.

आमचं गाव मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. जुनी भातखाचरं पाण्याखाली गेली आणि घरं डोंगराच्या कुशीत सरकली. काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात आबांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, छातीत रात्री कळ आली. ताम्हिणीकडचा पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको. रस्त्यावर दरड आली होती, पौडकडून निघालेली जीप पलीकडे अडकली, आणि पहाटे आबा गेले. सकाळी ओळखीचे डॉक्टर चिखल तुडवत आले. पडवीत बसून, मांडीवर कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन छापील नमुना भरू लागले. (अ) मृत्यूचं तात्काळ कारण. (ब) ते कशामुळे. (क) आणि ते कशामुळे. (अ)पुढे त्यांनी लिहिलं, हृदयक्रिया बंद पडली. वास्तविक हे लिहू नये अशी सूचनाच असते, कारण हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. मग विचारलं, "काकू, बीपी होतं का यांना?" काकू म्हणाल्या, "असंल." (ब)पुढे रक्तदाब आला. (क)पाशी पेन थबकलं. "म्हातारपण लिवा की," शेजारचा म्हणाला. डॉक्टरांनी तिथे एक तिरकी रेघ मारली आणि सही केली.

त्या रेघेच्या जागी काय हवं होतं, हे पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यूची व्याख्या आहे: जिवंतपणाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं. कारणाची व्याख्या नाही. गंमत म्हणजे घरच्यांच्या हाती पडणाऱ्या दाखल्यावर कारण छापायलाच त्या कायद्याची मनाई आहे. वारस नोंदीला आम्ही तो दाखला नेला तेव्हा तलाठ्याने फक्त तारीख पाहिली. आणि वैद्यकीय कारणाचा कागद तरी किती जणांचा होतो? 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी 22.5 टक्क्यांचा. उरलेल्यांबद्दल संसदेने कितीही तारांकित प्रश्न विचारले, तरी उत्तर देणाऱ्याला शपथेवर हात झटकता येतात.

इथे मला विल्यम फार हा डॉक्टर आठवतो. तो माझा जुना लाडका, आणि आमचे सर त्याच्याविषयी एक अक्षर लिहीत नाहीत हा माझा त्यांच्यावरचा खरा राग. इंग्लंडात 1837 मध्ये नागरी मृत्यूनोंदणी सुरू झाली. त्या कचेरीत आलेले कागद लावण्याचं काम या डॉक्टराकडे आलं. 1839 च्या पहिल्याच अहवालात त्याने सुमारे 1 लाख 48 हजार मृत्यूंपैकी 63 'उपासमार' या कारणाखाली टाकले. 63 म्हणजे समुद्रात खसखस. तरी गरिबांच्या कायद्याचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचा चिटणीस एडविन चॅडविक खवळला. सरकारी मदत हजर असताना माणूस भुकेने मरतोच कसा? हे 63 दुसऱ्या कशाने तरी मेले असणार. फारने माघार घेतली नाही. उलट त्याने सांगितलं की भूक क्वचितच स्वतःच्या नावाने मारते. ती तापाच्या, जुलाबाच्या आडून येते, तेव्हा तिचे बळी 63 पेक्षा कितीतरी जास्त आहेत. चॅडविक दुष्ट नव्हता, हे लक्षात ठेवा. गटारं, नळ, स्वच्छ पाणी यांसाठी आयुष्य वेचलेला माणूस. घाणीमुळे मेलेला त्याला चालत होता, कारण घाणीला गटार बांधता येतं. उपाशी मेलेला चालत नव्हता, कारण ते त्याच्याच कचेरीचं अपयश ठरलं असतं.

हा वाद आपल्याकडे अजून चालूच आहे. 1992 मध्ये जव्हारकडच्या वावर-वांगणीत मुलं मेली, मेळघाटात अजून मरतात, उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं याचिका चालतात. आणि सरकारी बाजूचा कागद सांगतो: न्यूमोनिया, जुलाब, कमी वजन. कुपोषण? ते फार तर सोबतीला. कागद खोटा नसतो. (अ) बरोबर असतो. 2001 मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोवळी पानगळ' या अहवालात सरकारी नोंदीतून निसटलेले बालमृत्यू मोजले, ते कचेरीतल्या कागदांवरून नव्हे, घरोघर जाऊन.

माझा मूळ बेत असा होता की इथे मूठ आपटून मागणी करावी: नमुन्यात एक रकाना वाढवा. त्यासाठी दाखलाही तयार होता. 7 जून 2021 रोजी आमच्याच तालुक्यात, उरवड्याच्या रसायन कारखान्यात आग लागली. 17 कामगार गेले, बहुतेक बाया. ओळख पटेना म्हणून डीएनए तपासावे लागले. अपघाती मृत्यूला रुग्णालयाचा नमुना विचारतो: इजा कशी झाली? म्हणजे भाजून मेलेल्या बाईच्या कातडीबाहेर डोकावायची परवानगी कागद देतो. न्यूमोनियाने मेलेल्याच्या नाही, कारण तो 'नैसर्गिक'. मग दोघांनाही तोच प्रश्न विचारा की!

पण लिहिता लिहिता हात आखडला. तो रकाना भरणार कोण? ज्या रुग्णालयात ऑक्सिजन संपला त्याच रुग्णालयाचा डॉक्टर. नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती चांगलीच तरतूद आहे. पण त्यामुळे पेन आणखी जपूनच चालेल. विधेयक लोकसभेत मणिपूरच्या गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झालं, तेव्हा याचा विचार कुणी केला असेल?

बाळंतपणात बाई गेली तर मात्र वेगळी चौकशी होते. घरी जाऊन विचारतात: निघायला उशीर झाला, पोचायला झाला, की पोचल्यावर उपचार मिळायला? तीन उशीर. कुणाला दोषी धरायचं नाही, नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, या अटीवर लोक बोलतात. आबांना लागू पडणारा प्रश्न हाच, फक्त आबा बाळंतीण नव्हते. तेव्हा रकाना नको, ही चौकशी हवी, इथवर मी आलो आहे. अडचण एवढीच की जे गुप्ततेच्या अटीवर सांगितलं जातं ते राज्यसभेत कसं मागायचं, हे मला अजून सुटलेलं नाही.

हे सगळं परवा सरांना फोनवर ऐकवलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ते राहू दे. तू आबांचा 'क' भरून दाखव."

फोन ठेवून मी पेन्सिल घेतली. 'दरड' लिहिलं. दरड तर दरवर्षी पडते. खोडून 'रस्ता' लिहिलं. पण माणसं खाली खाचरांजवळ राहत होती तेव्हा या रस्त्याचं कामच नव्हतं. वर सरकली ती धरणामुळे. ते होऊ नये म्हणून सेनापती बापटांच्या मागे मुळशीकर सत्याग्रहाला बसले ते साल 1921. तेवढ्यात आठवलं, त्या रात्री आबा स्वतःच तासभर म्हणत होते, "गॅस झालाय, कुणाला उठवू नका." चॅडविक असता तर त्याने एवढंच उचललं असतं, आणि त्याला खोटं म्हणता आलं नसतं. ओळ बोटभर लांबीची. मी 1921 खोडलं, 'गॅस झालाय' खोडलं, पुन्हा 'दरड' लिहिलं, आणि कागद सरांना पाठवायचा म्हणून पाकिटात घातला. अजून पाठवलेला नाही.