परसातली धामण

मुखेडच्या एका टोकाला, जिथे घरं संपतात आणि सोयाबीनची शेतं सुरू होतात, तिथे दोन घरं आहेत. दोन्ही परसांच्या मधे कमरेएवढी दगडी भिंत. बालाघाटच्या डोंगररांगेतला हा मुलूख. इथल्या रानात नांगर घातला की मातीबरोबर दगड वर येतो, म्हणून कुंपणाच्या भिंती दगडांच्याच रचतात आणि त्यांच्या फटी तशाच राहतात. त्या फटींत सरडे, बेडूक, विंचू सगळ्यांचे संसार चालतात. ही गोष्ट त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची आहे.

अलीकडच्या घरात एक आजी राहायची. परसात मोगरा, जाई, पांढरी कण्हेर, कुंपणावर गोकर्णीचा वेल आणि भिंतीच्या कडेने निशिगंधाची रांग. न्हाणीचं पाणी आधी अळूला, तिथून मोगऱ्याला. एक तांब्यासुद्धा वाया जात नसे. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या दिवसांतही भांडी विसळलेल्या पाण्यावर आजीने मोगरा जगवला होता. त्याची फुलं ओच्यात घेऊन ती रोज सकाळी ग्रामदैवत वीरभद्राच्या देवळाकडे चालत निघे. सोबत मोत्या. मोत्या काही माळेगावच्या जत्रेत पारखून घेतलेला कारवानी कुत्रा नव्हता. एका पावसात भिजत ओसरीवर आला आणि राहिला, असा गावठी. शिवाय एक मांजर होती, मनी. तिला भिंत मान्यच नव्हती. दूध या घरी, झोप त्या घरी.

पलीकडे तात्या. नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले. नवं घर बांधलं, पुढे फरशी घातली, कुंड्यांत गुलाब आणि शेवंती लावली. सकाळी चिमण्या-पारव्यांना ओंजळभर ज्वारी टाकत. नातवंडं सुट्टीला येत तेव्हा त्यांच्या हाताने झारीचं पाणी घालून घेत. तात्या वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे त्यांच्या हातून जे घडलं ते दुष्टपणाने घडलं नाही. आपल्याकडे असं बहुतेक वेळा चांगल्या माणसांच्याच हातून घडतं.

त्या दगडी भिंतीत एक धामण राहत होती. दोन मीटरच्या आसपास लांब, पिवळसर तपकिरी, डोळे मोठे आणि गोल. ऊन वर आलं की ती भिंतीवर पसरून अंग शेकायची आणि मग निशिगंधाच्या रांगेतून सरसर शेताकडे जायची. मोत्या ओसरीवरून एक डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा मिटायचा. आजी तिच्याजवळ कधी गेली नाही, पण तिला हुसकलंही नाही. धुणं वाळत घालायला जाण्याआधी भिंतीवर दोनदा टाळी वाजवायची, मग जायची.

आषाढातल्या एका सकाळी तात्या शेवंतीची कुंडी सरकवायला गेले आणि धामण त्यांच्या समोरून गेली. तात्या ओरडले, "नाग! नाग!" गल्लीतली चार पोरं काठ्या घेऊन धावत आली. फणा कुणीच पाहिला नाही, कारण धामणीला फणा नसतोच. पण लांब दिसला की नाग, एवढीच सगळ्यांची पारख. धामण फटीत शिरण्याआधीच तिची पाठ मोडली.

आजी देवळातून परतली तेव्हा धामण रस्त्यावर पडलेली होती. मोत्याने तिला हुंगलं आणि तो तिथेच बसला.

"तात्या, काय केलास रे हे? धामण होती ती."

"मावशी, साप तो साप. लेकरंबाळं येतात घरात."

"लेकरं माझ्याबी घरात वाढली की."

तात्या गप्प बसले, पण त्यांना ते पटलं नाही. पोरांतल्या एकाने ऐकीव ज्ञान सांगितलं, की धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. हे अजूनही कितीतरी शेतकरी घरांत खरं मानतात. सापाच्या तोंडाची रचनाच दूध ओढून पिण्याची नाही, आणि धामणीला विषही नाही. तिचं खाणं म्हणजे उंदीर, घुशी आणि बेडूक. गोठ्यात ती दिसते ती उंदरांमागे आलेली असते.

पंधरा-वीस दिवसांनी नागपंचमी आली. तात्यांच्या घरी पाटावर गंधाने नाग काढला, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, रानात कुदळ मारायची नाही, सगळं शिस्तीत पाळलं. आजी हळदीकुंकवाला गेली, पाटापुढे हात जोडले आणि तात्यांच्या बायकोला एवढंच म्हणाली, "माय, चितराला लाह्या आन खऱ्याला काठी, असं कसं गं?" त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचमीच्या सणामागे जी समज होती ती फार जुन्या शेतकऱ्यांची होती. धान्य पिकवणाऱ्याला साप लागतो, हे त्यांनी रानात पाहिलेलं होतं.

श्रावण सरता सरता उंदीर वाढले. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-सात पिल्लं टाकते, तेव्हा त्यांना आवर घालणारं कुणी नसलं की वेळ लागत नाही. आधी निशिगंधाचे कंद उकरले गेले. मग तात्यांच्या शेवंतीच्या मुळ्या. पारव्यांसाठी टाकलेल्या ज्वारीतली उरलेली रात्री कोण खातं, याचा तात्यांनी कधी विचार केला नव्हता. आता न्हाणीमागे रचलेल्या तुराट्यांच्या ढिगात रात्रभर खुडखुड ऐकू येऊ लागली. तात्यांनी बाजारातून औषध आणलं, पिठाच्या गोळ्यांत कालवलं आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवलं. उंदीर मेले. त्यांतलाच एक अर्धमेला मनीने धरला.

मनी आजीच्या ओसरीवर येऊन मेली. आजीने तिला मोगऱ्याखाली पुरलं आणि त्या दिवशी देवळाकडे गेली नाही. तात्या भिंतीपाशी येऊन उभे राहिले, पण काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही.

दसरा झाला, सोयाबीनची काढणी सुरू झाली. पीक उभं असतं तोवर साप शेतात असतात. रान मोकळं झालं की आडोसा आणि उंदीर जिथे असतील तिथे येतात. तुराट्यांच्या ढिगात दोन्ही होतं. एका संध्याकाळी मोत्या त्या ढिगाकडे तोंड करून भुंकू लागला. नेहमीचं भुंकणं नव्हतं. मान खाली, अंगावरचे केस उभे, चार पावलं पुढे आणि चार मागे. आजी घरात नव्हती, लेकीकडे गेली होती. तात्यांनी दोनदा दटावलं, दगड उगारला, शेवटी त्याला आजीच्या ओसरीच्या खांबाला बांधून टाकलं. तरी तो भुंकतच राहिला. जो कुत्रा धामण समोरून गेली तरी डोळे मिटून पडायचा, तो आज इतका का भुंकतोय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. माझ्या मते सगळ्या गोष्टीत खरी चूक ही इथली आहे. धामण मारली ती घाबरून. घरातलं जनावर जीव तोडून काही सांगत होतं आणि ते ऐकलं नाही, याला कारण फक्त घाई.

अंधार पडल्यावर तात्या बागेचा नळ बंद करायला अनवाणी गेले. हातात बॅटरी नव्हती. आपलंच परस, त्यात उजेड कशाला? ढिगाजवळ कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार ऐकू आला आणि त्यांना वाटलं, स्वयंपाकघरात कुकर लागलाय. पुढच्याच पावलाला घोट्यावर डंख बसला. ओट्यावरच्या दिव्याच्या उजेडात सुनेला साप दिसला. जाड अंगाचा, तिकोनी डोक्याचा, पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा. घोणस.

तात्या वाचले ते सुनेमुळे. ती आशा कार्यकर्ती होती. शेजारी जमले, कुणी दोरी आणली, कुणी ब्लेड, कुणी म्हणालं आधी मंत्र घालून घेऊ. तिने सगळ्यांना बाजूला केलं. "तात्या, चालू नका, हलू नका. पाय सरळ ठेवा." पायाला फळी लावून ओढणीने सैलसर बांधली, बोटातली अंगठी काढून घेतली, साप शोधायला निघालेल्या पोरांना परत बोलावलं आणि ऑटोत घालून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवलं. ते गोठलं नाही. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच काढून घेतं, त्याची ही साधी खूण. लगेच सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू झालं.

मुखेडला हे ज्ञान परकं नाही. इथलेच डॉ. दिलीप पुंडे यांनी या भागातल्या सर्पदंशाच्या रुग्णांवर दहा वर्षं केलेल्या उपचारांचा अनुभव 2005 मध्ये 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त मांडला. तालुक्याच्या गावात बसून केलेलं ते काम आहे आणि मुखेडकरांनी त्याचा अभिमान बाळगावा असं आहे. देशाचं चित्र मात्र अजून भीषण आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले.

तात्या घरी आले तेव्हा पाय अजून सुजलेला होता. आजी भेटायला आली. मोत्या मागोमाग आला आणि खाटेखाली जाऊन बसला. तात्यांनी हात खाली सोडून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"मावशी, हा सांगत होता. मी बांधून टाकलं."

आजी जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भ्यावं लेकरा. भ्यायचं नाही असं मी म्हणत नाही, घोणशीला मीबी भेते. पण कशाला भ्यायलोत ते आधी नीट बघावं. जी राखणीला होती तिला तू मारलास, आन जिला भ्यायचं होतं तिला वाट करून दिलास."

त्या हिवाळ्यात तात्यांनी तुराट्यांचा ढीग घरापासून लांब, दगडांवर उचलून रचला. घराच्या पायातल्या भेगा सिमेंटने बुजवल्या, ज्वारी झाकणाच्या कोठीत गेली. पारव्यांना सकाळी टाकलेलं दुपारच्या आत झाडून निघू लागलं. परसाच्या टोकाची दगडी भिंत मात्र त्यांनी लिंपू दिली नाही. औषधाच्या गोळ्या पुन्हा घरात आल्या नाहीत, आजीच्या ओळखीतून मांजराचं एक पिल्लू आलं.

पुढच्या मृगानंतर भिंतीवर पुन्हा एक धामण अंग शेकताना दिसली. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन आली. तात्यांनी त्यांना चार हात लांब उभं केलं. "मारायचं नंतर बघू. आधी सांगा, फणा दिसला का? ठिपके दिसले का? डोकं कसं आहे?" पोरं बघत राहिली. एवढा वेळ साप त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. धामण आपल्या वेळेने उतरली आणि शेताकडे गेली.

तुमच्या परसात, गोठ्यात, फिरायच्या वाटेवर साप दिसला तर काठी शोधू नका. मागे व्हा, लेकरं आणि जनावरं आत घ्या, लांबून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा किंवा गावातल्या जाणत्या सर्पमित्राला बोलवा. आपल्याला पारख नसेल तर हात लावायचं धाडसही नको. सापांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा मारणं हा गुन्हाही आहे. रात्री अंगणात जाताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी असू द्या. आणि कुणाला दंश झालाच, तर कापू नका, आवळून बांधू नका, मंत्राला वेळ घालवू नका. 108 ला फोन लावा, आणि गाडी यायला उशीर दिसला तर मिळेल त्या वाहनाने सरळ दवाखाना गाठा.