ट्रंकेतला हक्क

सीमेवर जवान धारातीर्थी पडला की अख्खा जिल्हा रस्त्यावर येतो. तिरंग्यात लपेटलेला देह, बंदुकांची सलामी, पालकमंत्री, मदतीची घोषणा. त्या घराला निदान त्या दिवशी तरी काही मागावं लागत नाही. पण सैन्यातली नोकरी पुरी करून सुखरूप परतलेला, मग ऊर्जानगरात वीज केंद्राच्या फाटकावर पुन्हा गणवेश चढवून उभा राहिलेला हवालदार साठीत झोपेतच जातो, तेव्हा सलामी नसते. तेरवी आटोपते, पाहुणे पांगतात आणि पलंगाखालची काळी ट्रंक बाहेर ओढली जाते.

झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर, हुद्दा, नाव. आत डांबरगोळ्यांचा वास, पदकं, डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, दवाखान्याचं ईसीएचएस कार्ड, विम्याचा एखादा कागद. यातलं कशाला काय म्हणतात हेच घरात कुणाला माहीत नसतं. “सारं त्यायलेच ठाऊक होतं जी,” एवढंच ती माउली सांगू शकते.

तिचा हक्क मात्र नियमांत स्पष्ट लिहिलेला आहे. सेवानिवृत्तीनंतर सैनिक वारला तर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. सात वर्षं, किंवा तो 67 वर्षांचा झाला असता ती तारीख, यांतलं जे आधी येईल तोवर वाढीव दराने, शेवटच्या पगाराच्या 50 टक्के. पुढे 30 टक्के. ढोबळ हिशेबाने 40 हजारांच्या पगारावर आधी 20 हजार, नंतर 12 हजार. 9 हजारांच्या खाली ते जात नाही, वर महागाई भत्ता वेगळा. म्हणजे एक दिवस रक्कम घटणार, हे आधीच ठाऊक असायला हवं. नाहीतर बँकेने पैसे खाल्ले असं वाटून ती चकरा मारत राहते.

अडतं ते नावावर. पीपीओवर शांता, आधारवर शांताबाई, पासबुकात माहेरचं आडनाव, जन्मतारीख तर तीन ठिकाणी तीन. पेन्शन देणाऱ्या ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीपुढे ही तीन वेगळी माणसं. नवरा हयात असताना हे प्रतिज्ञापत्र आणि अभिलेख कार्यालयाला केलेला अर्ज यांवर निभावतं. तो गेल्यावर तेच काम एकट्या बाईने, शोकात, महिनोन्‌महिने करायचं. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याचं नावही आधीच नोंदवलेलं बरं, कारण आईनंतर त्याला हे वेतन तहहयात मिळू शकतं.

काही हक्क तर ऐकिवातही नसतात. सैन्यानंतर दुसरी सरकारी नोकरी करून तिथेही पेन्शन कमावली असेल, तर विधवेला दोन्हीकडचं कुटुंबवेतन घेता येतं. केंद्राने 24 सप्टेंबर 2012 पासून ही वाट मोकळी केली. महाराष्ट्रात 2020 पासून माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे, ग्रामपंचायतीतसुद्धा. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. आणि ज्याची सैन्यात पंधरा वर्षं भरलीच नाहीत, ज्याला पेन्शन बसलीच नाही? त्याच्या 65 वर्षांवरील विधवेसाठी, हवालदार हुद्द्यापर्यंत, ध्वजदिन निधीतून महिन्याला मदत आहे. नोव्हेंबर 2025 पासून ती 4 हजारांची 8 हजार झाली. दर 7 डिसेंबरला आपण छातीवर जो छोटा ध्वज लावून घेतो, त्याचे पैसे असे कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोचतात.

डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खैरात नाही, ती केलेल्या सेवेची कमाई आहे. त्या कमाईत बायकोचाही घाम आहे. तो सियाचीनला होता तेव्हा सासू-सासऱ्यांचं आजारपण, पोरांच्या शाळा, धानाची रोवणी तिनेच निभावली. तरी कार्यालयाच्या बाकावर ती अंग चोरून बसते, जणू काही उसनं मागायला आली आहे.

असं का होतं? दोष सगळा सरकारदरबारी ढकलून मोकळं होता येत नाही. नवरा जिता-जागता असताना त्याच्या मागच्या पैशाची गोष्ट काढणं आपल्याकडे अभद्र मानतात. बायको विचारत नाही, कारण कुंकवाचा धनी समोर बसला आहे. तो सांगत नाही, कारण मरणाचं बोलून तिला कशाला घाबरवायचं. ज्या माणसाने ऐन तिशीत वारसाचं नाव लिहून देऊन गोळीबाराच्या टापूत पाऊल टाकलं, तोच साठीत चार भिंतींच्या आत मरणाचं नाव टाळतो. दोघांचीही माया खरी असते, पण तिची किंमत एकटीला मोजावी लागते.

म्हणून घरात माजी सैनिक असेल तर हा विषय त्यानेच काढावा. त्याच्या तोंडून तो अभद्र वाटणार नाही. ट्रंक उघडावी, तिला शेजारी बसवावं, एकेक कागद तिच्या हाती देऊन तो कशाचा ते सांगावं. नाव-तारखा ताडून पाहाव्यात, दर वर्षी हयातीचा दाखला देताना तिलाही सोबत न्यावं. तो लाजत असेल तर पोरांनी, सुनांनी आठवण करून द्यावी. कुंकवाला याने काही धक्का लागत नाही.