पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

सर्व्हरवर मॉनिट नावाचा एक छोटा प्रोग्राम पडद्याआड चालू असतो. त्याच्या फाइलीत 30 हा आकडा लिहिला, की दर 30 सेकंदांनी तो डेटाबेस, वेबसर्व्हर, मेल या सगळ्यांची चौकशी करतो. एखादा बंद पडलेला दिसला, तर त्याला पुन्हा सुरू करतो. पण मॉनिटच बंद पडला तर?

म्हणून त्यालाही सिस्टमडीच्या हवाली करतात. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर सिस्टमडी ही क्रमांक 1 ची प्रोसेस. ती मेली तर कर्नल सगळा कारभारच थांबवतो. आणि ती मरण्याऐवजी नुसती अडकून पडली तर? त्यासाठी हार्डवेअरमध्ये वॉचडॉग टायमर असतो. ठरल्या वेळेत सिस्टमडीने हजेरी लावली नाही, तर तो अख्खे मशीन रीसेट करतो.

हा पेच भारतीय दर्शनांनी फार पूर्वी ओळखला होता. मला ज्ञान झाले, हे कशाने कळते? नैयायिक सांगतात, पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या ज्ञानाने, म्हणजे अनुव्यवसायाने. बौद्ध आचार्य दिङ्नागाला हे पटत नाही. दुसऱ्याला तिसरे लागेल, तिसऱ्याला चौथे. हा अनवस्था दोष झाला. त्याने त्यावर ज्ञान स्वतःलाच जाणते असा तोडगा काढला. अद्वैत्यांनी स्वयंप्रकाश साक्षी मानला.

सर्व्हरवरची साखळीही कुठेतरी संपते, पण तिच्या टोकाशी जाणणारा कोणीच नसतो. वॉचडॉग फक्त उलटे आकडे मोजतो. डेटाबेस चुकीची उत्तरे देत असला तरी त्याला पत्ता नसतो. मुंडकोपनिषदातल्या एका झाडावरच्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. हा टायमर तर पाहतही नाही, आणि सर्वांत मोठी कृती मात्र तोच करतो. देखरेखीच्या या यंत्रणेला साक्षी म्हणणे म्हणूनच चूक आहे.

जाणणे इथे येते ते फाइल लिहिणाऱ्या माणसाकडून. नुसता प्रोसेसचा क्रमांक तपासायला सांगितला, तर पान उघडत नसतानाही मॉनिट सगळे ठीक असल्याचे कळवतो. पोर्ट 80 वर खरोखर उत्तर येते का, हे तपासायला त्याला वेगळे सांगावे लागते. जिवंत कोणाला म्हणायचे, हा निर्णय यंत्राचा नव्हे.

थांबायचे कधी, हाही निर्णय माणसाचाच. सिस्टमडीच्या मूळ सेटिंगनुसार 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होऊनही सेवा पडली, तर ती अयशस्वी ठरते आणि आपोआप पुन्हा उचलली जात नाही. त्यापुढे कोणीतरी बसून लॉग वाचावाच लागतो.