जुनं करणं

आमच्या आईचं एक सागवानी फडताळ आहे. 1972 च्या दुष्काळात तिनं घरातली पितळेची भांडी विकली, पण फडताळ ठेवलं. पुढं वडलांनी त्याला गडद पॉलिश मारलं, आणि चुलीच्या धुरानं ते आणखी काळं पडलं.

गेल्या उन्हाळ्यात थोरली लेक पुण्याहून आली. म्हणाली, "आबा, याला पांढरा रंग देते आणि जुनं करते."

"अगं, जुनंच हाय की ते!"

ती हसली. आधी काचकागद मारला. जुन्या पॉलिशचे डाग रंगातून वर येतात, म्हणून स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्या लाखेचा हात दिला. कडांवर मेणबत्ती घासली, म्हंजे तिथं रंग धरत नाही. पांढरा रंग वाळल्यावर त्याच कडा पुन्हा घासल्या. आतलं काळं लाकूड दिसायला लागलं.

मला ते पटेना. झीज ही वापरानं यावी. चार तासांत आणलेलं म्हातारपण खोटंच की!

रात्री पडल्या पडल्या मला आमचा ढवळ्या आठवला. 1987 साली बाजाराला नेताना मी त्याची शिंगं साळली, तेल चोळलं, हिंगूळ लावला. बैल उतरतीला लागला होता. घेणारा पोरसवदा होता, दात बघायचं त्याला कळत नव्हतं. त्यानं मलाच विचारलं, "बैल कितीचा?" मी म्हटलं, "आत्ताच जुळलाय." त्यानं विश्वास ठेवला आणि पैसे मोजले. त्या हंगामात त्याची नांगरट कशी झाली असंल, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

पोळ्याला आपण सगळेच शिंगं रंगवतो. त्याला कोण खोटं म्हणतं? रंग तोच, हिंगूळ तोच. खोटं होतं ते माझ्या तोंडात.

लेक तर येईल त्याला सांगते, "ही झीज मीच घासून केलीय." मग तिनं फसवलं कुणाला?

सकाळी तिला एवढंच म्हटलं, "दाराच्या आतल्या बाजूला रंग लावू नको." तिथं आईनं कोळशानं दुधाच्या रतिबाच्या रेघा मारल्यात. तिनं त्या तशाच ठेवल्या. आता बाहेरून लेकीचं जुनं, आतून आईचं जुनं. दोन्ही खरं.

ढवळ्याचं मात्र घासून निघत नाही.